न केलेली सही

रात्री पावणेअकराच्या सुमारास सिस्टर फॉर्म घेऊन आल्या. पॅडला दोरीने बॉलपेन बांधलेले होते आणि जिथे सही करायची तिथे त्यांनी आधीच फुलीची खूण करून ठेवली होती. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतरची आत्याची ती तिसरी रात्र होती. दुपारपासून ती आमच्यात नव्हती. डोळे उघडे होते, बोलणेही चालू होते, पण ते बोलणे दुसऱ्याच कुठल्या तरी घरातले होते. दोनदा तिने सलाईनची सुई उपसली होती आणि चादरीवर रक्ताचे थेंब वाळून तपकिरी झाले होते. मधूनमधून ती घाबऱ्या आवाजात म्हणायची, "टाका निसटला, अगं टाका निसटला," आणि हात पोटाच्या दिशेने न्यायची. सिस्टर म्हणाल्या, "टाक्यांनाच हात घालायला बघतायत त्या. फक्त रात्रीपुरतं बांधू या. तुम्ही सही करा, मी सैलच बांधते." मी सही केली. पूर्ण नाव, खाली तारीख आणि वेळ. मग आत्याची दोन्ही मनगटे बँडेजच्या पट्ट्यांनी खाटेच्या कठड्याला बांधली गेली. सिस्टरांनी खरोखरच सैल बांधले होते. गाठीखाली त्यांनी आपले बोट घालून पाहिले, कापसाची घडीही ठेवली. त्यांच्या वागण्यात क्रौर्याचा लवलेश नव्हता. त्या रात्री त्या वॉर्डात त्या एकट्या होत्या.

या सगळ्याला एक मिनिटही लागले नसेल.

मला छळत राहिले ते एक मिनिटच. सही केल्याबद्दल कोणी मला बोल लावला नाही, लावलाही नसता. आत्याची सुई जागेवर राहिली, ती पडली नाही, सकाळी डॉक्टरांनी सांगितले की वयस्कर रुग्णांमध्ये शस्त्रक्रियेनंतर असा भ्रम होतो आणि बहुधा तो ओसरतो, तो ओसरलाही. पण मी गेली कित्येक वर्षे ज्या माणसाची गोष्ट मित्रमैत्रिणींना उत्साहाने सांगत आले, त्या माणसाची सगळी कहाणी अशाच एका कागदापासून सुरू होते. ती गोष्ट मला पाठ होती. आणि माझ्यापुढे कागद आला तेव्हा ती मला आठवलीसुद्धा नाही.

१९६१ च्या नोव्हेंबरमध्ये फ्रांको बझाल्या हे मनोविकारतज्ज्ञ इटलीच्या ईशान्य टोकाला असलेल्या गोरित्सिया या गावातल्या मनोरुग्णालयाचे संचालक म्हणून रुजू झाले. तेव्हा ते सदतीस वर्षांचे होते. गावाच्या कडेला, युगोस्लाव्हियाच्या सीमेला लागून उभे असलेले ते रुग्णालय. आत काही शे माणसे, त्यांतली अनेक वर्षानुवर्षे तिथेच राहिलेली. पहिल्याच सकाळी मुख्य परिचारकाने रिवाजाप्रमाणे त्यांच्यापुढे वही ठेवली. रात्री कोणाकोणाला खाटेला बांधून ठेवले होते त्याची ती यादी होती. खाली संचालकाने सही करायची, एवढाच उपचार. त्यांचे सहकारी पुढे सांगत असत की बझाल्यांनी यादी पाहिली आणि ते आपल्या व्हेनिसच्या बोलीत म्हणाले, "मी सही करत नाही." मला या गोष्टीतला बोलीचा उल्लेख नेहमी फार मोलाचा वाटत आला आहे. विद्यापीठात तेरा वर्षे घालवलेला, जर्मन आणि फ्रेंच तत्त्वज्ञान कोळून प्यायलेला माणूस त्या क्षणी ग्रंथांची इटालियन बोलला नाही. लहानपणी घरात आणि गल्लीत जी भाषा ऐकली त्या भाषेत त्याच्या तोंडून नकार आला. विचार करून घेतलेला निर्णय आणि अंगातून उमटलेला नकार यांतले अंतर त्या एका वाक्यात नाहीसे झाले असावे, असे मला वाटते.

हा नकार कुठून आला असेल, याचा माग घेताना मी दर वेळी एका वासापाशी येऊन थांबते. बझाल्यांचा जन्म १९२४ चा, व्हेनिसचा. वैद्यकाचे विद्यार्थी असताना ते फॅसिझमविरोधी चळवळीत होते, त्यांना अटक झाली आणि युद्ध संपेपर्यंत त्यांनी तुरुंगात दिवस काढले. आयुष्याच्या अखेरीस ब्राझीलमध्ये दिलेल्या व्याख्यानांत त्यांनी तुरुंगातल्या त्या पहिल्या प्रवेशाची आठवण सांगितली आहे. ते आत शिरले तेव्हा कैदी कोठड्यांतली मैल्याची भांडी बाहेर आणत होते. त्या दुर्गंधीने त्यांना शवविच्छेदनाच्या दालनात आल्यासारखे वाटले. पुढे पदवी मिळवल्यावर तेरा वर्षांनी ते मनोरुग्णालयाच्या दारातून आत गेले आणि त्यांना नेमके तेच वाटले. फरशी पुसलेली असेल, भांडी धुतलेली असतील, तरी तो वास तिथे होता. जो आत कोंडला गेला आहे त्यालाच ओळखता येईल असा तो वास. पाडुआच्या विद्यापीठात त्यांचे वरिष्ठ त्यांना 'तत्त्वज्ञ' म्हणत, आणि त्यात कौतुकापेक्षा टोमणाच अधिक होता. मेंदूच्या चिकित्सेला मान असलेल्या त्या विभागात हुसर्ल आणि सार्त्र या तत्त्वज्ञांना वाचणाऱ्या डॉक्टरला भवितव्य नव्हते. म्हणून सीमेवरच्या आडगावातली ही नोकरी. आपल्याकडे ज्याला अडगळीतली बदली म्हणतात, तशीच ती होती.

सही न करणे ही एका क्षणाची गोष्ट आहे. त्यानंतर जी रात्र येते तिचे काय करायचे, हा खरा प्रश्न. आज मला त्या मुख्य परिचारकाविषयी पूर्वी कधी वाटली नव्हती इतकी आपुलकी वाटते. संचालक रात्री घरी जाणार. बांधलेले सोडल्यावर जो माणूस उठून दुसऱ्याच्या अंगावर जाईल, भिंतीवर डोके आपटेल, त्याच्याजवळ रात्रभर कोण बसणार? बझाल्यांचे मोठेपण मला आता त्या पहिल्या वाक्यापेक्षा त्याच्या नंतरच्या कंटाळवाण्या, चिवट वर्षांत अधिक दिसते. गोरित्सियात त्यांनी डॉक्टरांचे पांढरे कोट उतरवले. रुग्णांचे डोके भादरणे बंद केले. त्यांना स्वतःचे कपडे, आरसा, कंगवा, खाटेजवळ आपल्या मालकीचे छोटे कपाट मिळू लागले. विजेचे झटके थांबले, जाळ्या निघाल्या, एकेक कक्ष करत दारे उघडली गेली. रुग्ण स्वतःचे एक नियतकालिक काढू लागले. त्याचे नाव त्यांनी ठेवले होते 'सुतारपक्षी'. रोज सकाळी रुग्ण, परिचारक आणि डॉक्टर एकत्र बसून सभा घेत. सभेला यायची सक्ती नव्हती, मधेच उठून जायलाही मुभा होती, आणि अनेकदा चर्चा सिगारेटी आणि सहली यांच्यापलीकडे जात नसे. स्कॉटलंडमध्ये मॅक्सवेल जोन्स या मनोविकारतज्ज्ञांनी अशा सभांचा प्रयोग केला होता, तो या मंडळींनी पाहिला होता. मला त्या सभांचे वर्णन वाचताना कंटाळा यायचा. आता कळते की तो कंटाळाच मोलाचा होता. ज्याला वीस वर्षे कोणी काही विचारले नाही, त्याला सहलीला कुठे जायचे हे विचारणे आणि उत्तर येईपर्यंत थांबणे, याला वेळ लागणारच.

उत्तर लवकर का येत नाही, हे सांगताना बझाल्या एक पौर्वात्य दंतकथा सांगत. झोपलेल्या माणसाच्या तोंडातून एक साप आत शिरला आणि पोटात ठाण मांडून बसला. तिथून तो माणसावर हुकूम चालवू लागला. माणसाचे खाणे, पिणे, उठणे, बसणे सगळे सापाच्या मर्जीने. एके दिवशी सकाळी माणसाच्या लक्षात आले की साप निघून गेला आहे. तो मोकळा झाला होता, पण त्या मोकळेपणाचे काय करायचे हे त्याला उमगेना. इतकी वर्षे सापाची इच्छा तीच त्याची इच्छा होती, त्यामुळे स्वतःची इच्छा म्हणजे काय हेच तो विसरला होता. स्वातंत्र्याच्या जागी त्याच्या हाती रितेपण आले. बझाल्यांच्या मते मनोरुग्णालयात राहणाऱ्याला दोन आजार असतात, एक तो घेऊन आलेला आणि दुसरा रुग्णालयाने त्याला दिलेला. आणि वर्षे उलटली की पहिला कुठे संपतो नि दुसरा कुठे सुरू होतो हे कोणालाच सांगता येत नाही. १९६९ साली त्यांनी आणि त्यांच्या पत्नी फ्रांका ओंगारो यांनी इटलीतल्या मनोरुग्णालयांच्या छायाचित्रांचे एक पुस्तक सिद्ध केले. त्यात कातरलेल्या केसांचे डोके दोन्ही हातांत धरून बसलेला एक माणूस आहे. त्याला पाहताना मला दर वेळी प्रश्न पडतो की ही बसण्याची तऱ्हा त्याच्या आजाराची आहे की त्या बाकाची, त्या भिंतीची.

बझाल्यांवर सर्वांत मोठा आक्षेप घेतला जातो तो असा, की त्यांनी मानसिक आजार नाकारला. मला तो अन्याय वाटतो. त्यांनी हुसर्लकडून एक शब्द घेतला होता: कंसात ठेवणे. आजाराचे नाव पुसून टाकायचे नाही, ते काही काळ कंसात ठेवायचे, म्हणजे त्या नावाच्या आड गेलेला माणूस दिसू लागेल. स्किझोफ्रेनिया आहे, यातना आहेत, भ्रम आहेत, हे ते मानत. पण समोरच्या माणसाची प्रत्येक हालचाल त्या नावाच्या खात्यात जमा केली की तो काय म्हणतो आहे हे ऐकण्याची गरजच उरत नाही, हे त्यांचे दुखणे होते. दूरचित्रवाणीवरील एका मुलाखतीत त्यांना विचारले गेले, तुम्हाला रुग्णात अधिक रस आहे की रुग्णाच्या आजारात? त्यांनी क्षणाचाही विलंब न लावता सांगितले, निश्चितपणे रुग्णात.

पहाटे तीनच्या सुमारास मला आत्याचा हात दिसला.

त्याआधीही तो दिसत होताच, पण मी मनगटाकडे, गाठीकडे, सुईकडे पाहत होते. वॉर्डातले दिवे मंद केले होते, कुठेतरी यंत्राची टिकटिक चालू होती, स्पिरिट आणि फिनेलचा वास साचून राहिला होता. बांधलेल्या मनगटाच्या पुढे आत्याची बोटे हलत होती. तर्जनी वर यायची, अंगठा तिच्याभोवती काहीतरी फिरवायचा, मग दोन्ही एकमेकांना टेकून पुढे सरकायची. पुन्हा तर्जनी, पुन्हा अंगठा. त्या लयीला मी लहानपणापासून ओळखते. आमच्या घरातले प्रत्येक मूल आत्याने विणलेल्या टोपड्यात वाढले आहे. ती विणत होती. 'टाका निसटला' हे ती जखमेविषयी बोलतच नव्हती. सुईवरून विणीचे घर निसटले होते आणि ते खाली उसवत जाण्याआधी तिला पकडायचे होते. म्हणून ती पोटाकडे, मांडीवरच्या विणकामाकडे हात नेत होती, आणि तिथे तिला सलाईनची नळी सापडत होती, लोकरीच्या धाग्यासारखी. सिस्टरांना हे कळण्याचे काही कारण नव्हते. मला होते. टाका म्हटल्यावर मलाही शस्त्रक्रियेचेच टाके आठवले, कारण तोवर माझ्या दृष्टीने ती आत्या उरली नव्हती, खाट क्रमांक असलेली, भ्रम झालेली रुग्ण झाली होती. कंस मीच उलटा लावला होता. आजार बाहेर ठेवला आणि आत्याला आत.

तरीही मी तेव्हाच गाठ सोडली नाही, हे लिहिले पाहिजे. मी साडेपाचला उजव्या हाताची पट्टी सोडली, खिडकीत उजाडू लागल्यावर. त्यात धैर्य नव्हते. उजेड होता आणि आता थोड्या वेळात माणसे येतील हा भरवसा होता. अंधारात मला भीती वाटत होती. सुई पुन्हा निघेल, रक्त येईल, आणि सही करूनही मीच ऐकले नाही असे होईल, अशी ती भीती होती. ती खोटी होती असे आजही मला म्हणवत नाही. १९६८ च्या सप्टेंबरमध्ये गोरित्सियातून एका दिवसाच्या रजेवर घरी गेलेल्या एका रुग्णाने आपल्या पत्नीचा खून केला. बझाल्यांवर खटला भरला गेला. पुढे ते निर्दोष सुटले. पण ती स्त्री तर गेली होती. त्यांच्या चाहत्यांच्या लिखाणात ही घटना पुष्कळदा घाईने ओलांडली जाते आणि विरोधकांच्या लिखाणात तिच्याखेरीज दुसरे काही नसते. मला दोन्ही पटत नाही. दार उघडणाऱ्याला त्या मरणाचे ओझे वाहावेच लागते, आणि दारे बंद असताना आत जी माणसे वर्षानुवर्षे विझत गेली त्यांच्यासाठी मात्र कोणावर खटला भरला जात नाही. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि त्यांची बेरीज वजाबाकी मला जमत नाही.

१९७१ च्या ऑगस्टमध्ये बझाल्या त्रिएस्ते या इटलीतल्याच शहरात संचालक म्हणून आले. टेकडीच्या उतारावर पसरलेल्या सान जोव्हान्नी या रुग्णालयात तेव्हा सुमारे १२०० माणसे होती. इथे मला सर्वांत आवडते ती एका घोड्याची हकिगत. रुग्णालयात कपडे धुण्याची गाडी ओढणारा मार्को नावाचा एक खराखुरा घोडा होता. तो म्हातारा झाला, त्याला कत्तलखान्यात पाठवायचे ठरले, तेव्हा रुग्णांनी १९७२ साली प्रशासनाला पत्र लिहून त्याच्यासाठी निवृत्तीची मागणी केली, आणि ती मान्य झाली. स्वतःच्या मनगटावर हक्क नसलेली माणसे एका घोड्याच्या म्हातारपणासाठी अर्ज लिहितात, हे चित्र माझ्या मनातून जात नाही. पुढच्या वर्षी कलावंतांच्या सोबतीने रुग्णांनी लाकूड आणि कागदाच्या लगद्याचा एक प्रचंड घोडा बनवला. रंग कोणता द्यायचा हे त्यांनीच ठरवले: निळा. त्याच्या पोटात त्यांनी आपल्या इच्छा ठेवल्या. फेब्रुवारी १९७३ मध्ये तो गावातून मिरवायला निघाला तेव्हा तो दारातून बाहेर जाईना. दार लहान आणि घोडा उंच. मग लोखंडी बाक उचलून त्याच्या धडकांनी दाराची चौकट फोडली गेली, आणि तो बाक उचलणाऱ्या हातांत संचालकांचेही हात होते असे सांगतात. निळ्या घोड्यामागून रुग्ण, परिचारक, डॉक्टर असे शेकडो लोक शहरात उतरले.

याच्या इतकीच मोठी, पण कमी चित्रमय गोष्ट म्हणजे पगार. रुग्णालयात फरशा पुसणारे, कपडे धुणारे रुग्णच असत, आणि त्या श्रमाला 'उपचार' असे नाव होते; मोबदला म्हणून किरकोळ काही हातावर ठेवले जाई. त्रिएस्तेत या रुग्णांची सहकारी संस्था स्थापन झाली आणि त्याच कामाचे त्यांना रीतसर वेतन मिळू लागले. ज्यांना कायद्याने सोडता येत होते पण जायला घर नव्हते, ते 'पाहुणे' म्हणून तिथेच राहू लागले, येण्याजाण्याला मोकळे. शहराच्या वस्त्यांत चोवीस तास उघडी असणारी केंद्रे निघाली. मग १३ मे १९७८ रोजी कायदा क्रमांक १८० संमत झाला. त्याआधीचा कायदा १९०४ चा होता आणि त्याचा कणा होता 'स्वतःला वा इतरांना धोकादायक' हा शब्दप्रयोग. नव्या कायद्याने नवी मनोरुग्णालये बांधण्यास मनाई केली, जुन्यांत नवे रुग्ण घेणे थांबवले, सक्तीच्या उपचाराला दोन डॉक्टरांचे मत, महापौरांचा आदेश आणि न्यायाधीशांची संमती आवश्यक केली, आणि त्याची मुदत सात दिवसांची ठेवली. सक्ती लांबवायची तर कारण पुन्हा सांगायचे. सह्या इथेही आल्याच. पण एका माणसाच्या एका मिनिटाच्या सहीची जागा अनेकांनी, कारण देऊन, मुदत घालून करायच्या सह्यांनी घेतली. त्यानंतर दोनच वर्षांनी, २९ ऑगस्ट १९८० रोजी, मेंदूतल्या गाठीच्या आजाराने बझाल्या व्हेनिसमध्ये वारले. ते अवघे छप्पन वर्षांचे होते.

कायदा झाला म्हणून सगळीकडे त्रिएस्ते झाले नाही. अनेक प्रांतांत केंद्रे उभी राहायला वर्षे लागली, शेवटची जुनी मनोरुग्णालये रिकामी व्हायला १९९० चे दशक सरत आले, आणि मधल्या काळात आजारी माणसाला सांभाळण्याचा भार घरांवर पडला. घरांवर म्हणजे आयांवर, बहिणींवर, बायकांवर. त्यांच्या तक्रारी मी पूर्वी वाचल्या होत्या तेव्हा त्या मला सुधारणेच्या आड येणाऱ्या वाटल्या होत्या. आत्याच्या खाटेशेजारच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर ती रात्र काढल्यावर मला त्या तशा वाटत नाहीत. फ्रांका ओंगारो यांना हे नीट उमगले होते असे दिसते. आपल्याकडे त्यांची ओळख बझाल्यांच्या पत्नी एवढीच होते, पण बझाल्यांच्या पुस्तकांत आणि लेखांत त्यांची बुद्धी आणि त्यांचे श्रम बरोबरीचे आहेत. पतीच्या मृत्यूनंतर त्या सेनेटवर, म्हणजे इटलीच्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहावर, निवडून गेल्या आणि कायद्याला प्रत्यक्ष सेवांचे बळ मिळावे म्हणून वर्षानुवर्षे झटल्या. आजही इटलीतल्या अनेक सामान्य रुग्णालयांच्या मनोरुग्ण कक्षांत माणसांना बांधले जाते. त्रिएस्तेने मात्र बांधणे सोडले ते सोडलेच. तिथे हे साधते ते डॉक्टर अधिक दयाळू आहेत म्हणून, असे मला वाटत नाही. रात्री तिथे जवळ बसायला माणूस असतो. आमच्या वॉर्डात सिस्टरांच्या जोडीला आणखी एक जण असता, तर तो फॉर्म कदाचित पॅडवर लागलाच नसता. मी मात्र तिथे बसलेलीच होते. माझे दोन्ही हात रिकामे होते आणि मी तिचा हात धरून बसू शकले असते. हा विचार मला कोणत्याही कायद्याच्या आधाराने दूर सारता येत नाही.

आत्याला त्या रात्रीतले काहीही आठवत नाही. निदान ती तसे म्हणते. घरी आल्यावर काही दिवस तिच्या डाव्या मनगटावर फिकट पिवळा डाग होता. तिने तो सुईचा समजला आणि मी तिला समजू दिला. गेल्या आठवड्यात मी तिच्याकडे गेले होते, सांगायचेच असे ठरवून. ती वॉकर बाजूला ठेवून खिडकीशी बसली होती, मांडीवर करड्या लोकरीची नवी लड होती. मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "बरी आलीस. बस अशी समोर, हात पुढे कर." मी दोन्ही हात पुढे केले. तिने लड उलगडून माझ्या दोन्ही मनगटांभोवती चढवली, टोक शोधले आणि गुंडा करायला घेतला. धागा माझ्या एका हातावरून सुटायचा, मग दुसऱ्यावरून, आणि तिच्या बोटांत गोळा व्हायचा. मी म्हटले, "आत्या, तुला एक सांगायचं होतं, हॉस्पिटलातल्या एका रात्रीचं." तिने मान वर केली नाही. "सांग की," ती म्हणाली, "पण हात ताणू नकोस, सैल ठेव. नाहीतर लोकर अडकते."